पिवळा धोत्रा आणि त्याचे सगेसोयरे

पौषाचा महिना होता. रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली होती. कंधार तालुक्यातील एका खेड्यात मी नुकताच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो आणि वर्गातील मुलांना घेऊन मन्याड नदीच्या काठाने शेतांकडे निघालो होतो. माझे बालपण शहरात गेले होते. त्यामुळे पुस्तकातील वनस्पती मला जितक्या परिचित होत्या, तितक्या शेतातील नव्हत्या. वाटेत एका शेताच्या बांधावर हातभर उंचीची काटेरी झुडपे पिवळ्या फुलांनी बहरलेली दिसली. एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, हे कशाचे झाड?” मी लांबूनच पाहिले. पाने काटेरी, फुले पिवळी आणि पलीकडेच करडईचे पाटे. मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, “ही करडई.”

मुले एकमेकांकडे पाहू लागली; पण गुरुजींना कोण सांगणार? शेताच्या मालकीणबाई जवळच पाखरे राखीत होत्या. वयाने माझ्या आजीएवढ्या. त्या हसून म्हणाल्या, “गुरुजी, लांबून समदी काटेरी झाडं सारखीच दिसत्यात. दोन पावलं पुढं या अन् एक पान मोडून बघा.” मी पुढे होऊन, काटे चुकवीत, एक पान देठापाशी मोडले. मोडलेल्या जागी हळदीच्या रंगाचा चीक टपकन बाहेर आला. “करडईला असा चीक नसतो. हा पिवळा धोत्रा,” असे म्हणून त्या पुन्हा आपल्या कामाला लागल्या.

त्या दिवशी मी मुलांना शिकवायला निघालो होतो, आणि शिकून परत आलो. सारख्या दिसणाऱ्या वनस्पती वेगवेगळ्या ओळखाव्यात कशा, हा पहिला पाठ मला त्या माऊलीने दिला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

पिवळा धोत्रा तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. नांदेडला गोदावरीच्या काठी, लातूरकडे मांजरेच्या खोऱ्यात, गावाबाहेरच्या गायरानात, रस्त्याच्या कडेला, पडीक रानात तो आपोआप उगवतो. पावसाळा सरला की त्याची रोपे जमिनीलगत पाने पसरून बसतात. हिवाळ्यात त्याला फुले येतात आणि ऊन तापू लागले की बोंडे वाळून तडकतात. त्याला कोणी काटेधोत्रा म्हणतात. हिंदीत त्याचे नाव आहे ‘सत्यानाशी’. हे नाव त्याला का शोभते, ते पुढे कळेलच.

हे झाड मूळचे आपल्या देशातील नव्हे. त्याची जन्मभूमी अमेरिका खंडातील मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. युरोपीय लोकांची जहाजे जगभर फिरू लागल्यानंतर ते इतर खंडांत पोहोचले. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली त्याला ‘आर्जेमोन मेक्सिकाना’ असे शास्त्रीय नाव दिले. त्या नावात त्याचे मूळ गाव आजही टिकून राहिले आहे.

आता त्याच्या कुळाविषयी. ‘धोत्रा’ या नावावरून तुम्हांस वाटेल की, महादेवाला वाहतात त्या धोत्र्याचाच हा भाऊ असावा. परंतु नावाने फसू नका. खरा धोत्रा हा वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या कुळातील आहे. त्याचे फूल कर्ण्यासारखे लांबट, पांढरे किंवा जांभळे असते. त्याच्या पानांना काटे नसतात, काटे असतात ते फळावर. पिवळ्या धोत्र्याचे बोंडही काटेरी असते. नावातील साम्याला हे साम्य पुरेसे झाले असावे. नात्याला मात्र ते पुरत नाही. पिवळा धोत्रा आहे अफूच्या कुळातील. आपल्या स्वयंपाकघरात खसखस असते ना? ती ज्या झाडाची, त्या अफूच्या झाडाचा हा सगा.

मग करडईशी त्याचा संबंध काय? काहीही नाही. करडई सूर्यफुलाच्या कुळातील आहे. गायरानात आढळणारा उंटकटाराही त्याच कुळातला. जमिनीवर पसरणारी भुईरिंगणी ही वांग्याच्या कुळातील. अशी तीन निरनिराळ्या कुळांतील झाडे एकाच रानात काटे घेऊन उभी असतात. असे का व्हावे? आपला प्रदेश कमी पावसाचा. उन्हाळ्याकडे चारा संपत आला की गुरे आणि शेळ्या मिळेल त्या हिरव्या पानाला तोंड लावतात. अशा ठिकाणी जे झाड काट्यांनी स्वतःचे रक्षण करू शकते, तेच फुलाफळापर्यंत तग धरते. एका गावातले निरनिराळ्या घरांचे लोक थंडीत सारख्याच घोंगड्या पांघरतात. म्हणून काही ते एका घरचे होत नाहीत. काटे ही या झाडांची घोंगडी आहे. नाते पाहावयाचे असेल तर घोंगडीच्या आत पाहिले पाहिजे.

आत पाहावयाचे ते कसे? त्यासाठी पाच खुणा ध्यानात ठेवा. चीक, पान, कळी व फूल, बोंड आणि बी.

पहिली खूण चिकाची. पिवळ्या धोत्र्याचे पान अथवा कोवळा देठ मोडताच पिवळा चीक येतो. करडई, उंटकटारा, भुईरिंगणी किंवा खरा धोत्रा यांपैकी एकाचाही देठ मोडला तरी असा पिवळा चीक येत नाही. ही खूण सर्वांत सोपी. पण ती पाहताना सावध असा. चीक डोळ्यांजवळ किंवा तोंडाजवळ नेऊ नका, आणि नंतर हात स्वच्छ धुवा. डोळ्यांच्या दुखण्यावर हा चीक घालण्याची चाल काही ठिकाणी होती. डोळ्याला त्यापासून इजा होते. म्हणून तसे कोणी सांगितले तरी करू नये.

दुसरी खूण पानाची. पिवळ्या धोत्र्याचे पान निळसर हिरवे असून त्याच्या शिरांवर पांढरे पट्टे असतात. पानाची कड खोल कातरलेली असते आणि प्रत्येक टोकाला काटा असतो. पानाला देठ नसतो. त्याचा तळ खोडाला बिलगलेला असतो. करडईचे पानही बिनदेठाचे व काटेरी कडेचे असते, परंतु ते इतके खोल कातरलेले नसते आणि त्यावर पांढरे पट्टे नसतात. उंटकटाऱ्याचे पान उलटून पाहा. खालची बाजू कापसासारख्या पांढऱ्या लवेने भरलेली दिसेल. भुईरिंगणीच्या पानावर तर कडेलाच काय, मधल्या शिरेवरही सुईसारखे लांब, पिवळसर काटे उभे असतात.

तिसरी खूण कळीची आणि फुलाची. पिवळ्या धोत्र्याची कळी गोलसर असून तिच्या माथ्यावर तीन लहान शिंगे असतात. कळीवर तीन हिरवी आवरणे असतात, त्यांना निदले म्हणतात. प्रत्येक निदलाच्या टोकाला एक काटेरी शिंग. फूल उमलू लागले की ही निदले गळून पडतात. त्यामुळे उमललेल्या फुलाखाली तुम्ही निदले शोधू लागलात, तर ती सापडणार नाहीत. उमलताच निदले गळणे हे अफूच्या कुळाचे मोठे लक्षण आहे. आत बहुधा सहा पाकळ्या असतात. त्या कळीत चुरगळून बसलेल्या असतात. म्हणून नुकत्याच उमललेल्या पाकळीवर रेशमी वस्त्राच्या घडीसारख्या सुरकुत्या दिसतात. मधोमध पुष्कळ पिवळे केसर आणि त्यांच्या मध्यभागी गडद तांबडा ठिपका, म्हणजे फुलाची कुक्षी.

याच्या शेजारी करडईचे फूल धरा. आपण ज्याला फूल म्हणतो, तो वस्तुतः नळीसारख्या अनेक लहान फुलांचा गोंडा असतो. त्यात रुंद पाकळ्या मुळीच नसतात. गोंड्याच्या बुडाशी काटेरी हिरवी पाने असतात आणि ती गळत नाहीत. फूल जुने होऊ लागले की पिवळा रंग केशरी-तांबडा होत जातो. उंटकटाऱ्याचे फूल म्हणजे काटेरी चेंडूच. भुईरिंगणीचे फूल जांभळे. ही चार फुले एकदा हातात घेऊन पाहिलीत तर पुन्हा चूक होणे नाही. मी चुकलो, कारण मी हातात न घेता पाहिले.

चौथी खूण बोंडाची. पिवळ्या धोत्र्याचे बोंड लांबट, बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहून थोडे मोठे आणि काटेरी असते. वाळल्यावर ते माथ्याकडून चार ते सहा फाकांनी उघडते. वाऱ्याने झाड हलले की माथ्यातून बिया उडून पडतात. एका बोंडात शेकडो बिया असतात. म्हणून या झाडाचा शेतातून नायनाट करावयाचा असेल, तर बोंड पिकण्यापूर्वीच ते उपटावे लागते. पाचवी खूण बीची. तिच्याकडे आपण शेवटी वळू, कारण तिच्यात सर्वांत गंभीर गोष्ट दडलेली आहे.

परक्यांपासून सगा वेगळा काढणे झाले. पण सग्यांतही परस्परांत भेद करावा लागतो, आणि ते काम अधिक बारकाईचे आहे.

पिवळ्या धोत्र्याचा एक सख्खा भाऊ आहे. तोही मेक्सिकोचाच आणि तोही काटेरी. त्याच्या फुलाचा रंग मात्र फिकट, लिंबाच्या सालीसारखा किंवा सायीसारखा असतो. भारतातही काही प्रदेशांत तो आढळला आहे. मग फिकट फूल दिसले की तो हा भाऊ, असे म्हणावे काय? नाही. उन्हाने आणि वयाने कोणतेही फूल फिकट पडू शकते. म्हणून कळी पाहावी. पिवळ्या धोत्र्याची कळी जवळजवळ गोल, तर या भावाची लांबट असते. रंग फिकट आणि कळी लांबट, अशा दोन्ही खुणा जुळल्या तरच निर्णय द्यावा.

दुसरा सगा म्हणजे अफूचे झाड. ते आपल्या रानात उगवत नाही. मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांतील ठरावीक भागांत, सरकारी परवान्यानेच त्याची लागवड होते. परवान्यावाचून लावणे हा गुन्हा आहे. त्याची पानेही निळसर आणि खोडाला बिलगणारी असतात, पण त्यांना काटे नसतात. चीक पांढरा असतो आणि सुकल्यावर तपकिरी होतो. निदले दोन आणि पाकळ्या चार असतात. बोंड गुळगुळीत, गोल असून त्याच्या डोक्यावर मुकुटासारखी चकती असते. त्या बोंडाच्या चिकापासून अफू होते आणि त्याच बोंडातील बारीक दाणे म्हणजे आपली खसखस.

या कुळाची रानटी झाडे युरोपात गव्हाच्या शेतांतून फार आढळतात. त्यांची फुले लालभडक असतात. जमीन उकरली गेली की तिच्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेले त्यांचे बी उगवते. १९१४ ते १९१८ या काळातील पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी उखणलेल्या बेल्जियम व फ्रान्सच्या रणभूमीवर अशीच लाल फुले उगवली. पुढे ते फूल तेथे धारातीर्थी पडलेल्या सैनिकांच्या स्मृतीचे चिन्ह ठरले. या लाल फुलांच्या चार जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की नुसते फूल पाहून नवशिक्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत. परंतु जाणकार मनुष्य फूल बाजूला ठेवून बोंड हाती घेतो आणि त्याला दोनच प्रश्न विचारतो. बोंड गुळगुळीत आहे की राठ केसांचे? आणि ते गोल आहे की लांबट? गुळगुळीत व गोल असेल तर पहिली जात, गुळगुळीत व लांबट असेल तर दुसरी. राठ व लांबट असेल तर तिसरी आणि राठ व गोल असेल तर चौथी. दोन प्रश्नांत चार जातींचा निवाडा झाला! इतक्यावरही एक पेच उरतो. गुळगुळीत, लांबट बोंडाच्या जातीची एक जुळी बहीण आहे. तिची ओळख कशाने पटते, ठाऊक आहे? देठ मोडून पाहिल्याने. तिचा चीक हवा लागताच पिवळा होतो. मन्याडच्या काठी त्या मालकीणबाईंनी मला जी परीक्षा सांगितली, तीच परीक्षा हजारो कोस दूरच्या शेतांतही उपयोगी पडते.

यावरून एक नियम ध्यानात येईल. जी खूण डोळ्यांत आधी भरते, ती बहुधा सर्वांत कमी भरवशाची असते. फुलाचा रंग लांबून दिसतो. म्हणून आपण त्यावर विसंबतो. चीक, गळणारी निदले, बोंडाचा आकार या गोष्टी जवळ गेल्यावाचून दिसत नाहीत. आणि ओळख पटते ती त्यांच्यावरूनच.

येथवर सांगितलेल्या भेदांत चूक झाली, तर फार तर एखाद्या शिक्षकाची फजिती होईल. परंतु बीच्या बाबतीत चूक झाली तर माणसे दगावतात.

पिवळ्या धोत्र्याचे बी काळसर, गोलसर आणि मोहरीएवढे असते. उत्तर भारतात मोहरीची मोठी लागवड आहे आणि तेथे स्वयंपाकालाही मोहरीचेच तेल वापरतात. मोहरीच्या शेतात हे तण वाढते. दोघांचे पीक एकाच सुमारास तयार होते. त्यामुळे कापणीत आणि मळणीत धोत्र्याचे बी मोहरीत मिसळू शकते. आणि कधी कधी लोभी माणसे ते जाणूनबुजून मिसळतात. या बीच्या तेलात सँग्विनारीन नावाचे विष असते. असे भेसळीचे तेल पोटात जात राहिले की पायांना सूज येते, धाप लागते, हृदय दुर्बळ होते आणि काहींच्या डोळ्यांत काचबिंदू होतो. कलकत्त्यात १८७७ साली या आजाराच्या साथीची पहिली नोंद झाली. पण त्याचे कारण कळण्यास कित्येक दशके गेली. कोणी संसर्गाला दोष दिला, कोणी खराब तांदळाला. खरा अपराधी तेलाच्या बुधल्यात आहे, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. कारण कळले तरी साथी मात्र थांबल्या नाहीत. १९९८ साली दिल्लीत या भेसळीने हाहाकार उडाला. साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो लोक आजारी झाले. तेव्हा सरकारला सुट्या मोहरी-तेलाच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. ‘सत्यानाशी’ या नावाचा अर्थ आता तुमच्या ध्यानात आला असेल.

आपल्या मराठवाड्यात शेंगदाणा, करडई, सोयाबीन यांचे तेल अधिक वापरतात. तरी फोडणीची मोहरी प्रत्येक घरात असतेच. तेव्हा हा भेद आपणही शिकून ठेवावा. चमचाभर मोहरी पांढऱ्या कागदावर पसरा आणि भिंगातून पाहा. मोहरीचा दाणा गोल व बराच गुळगुळीत दिसतो. धोत्र्याचे बी खडबडीत असते. त्याच्यावर जाळीसारख्या रेषा असतात आणि एका बाजूला ते किंचित टोकदार असते. शंका वाटल्यास दाणा दोन चमच्यांमध्ये दाबून फोडा. मोहरी आतून पिवळी निघते, धोत्र्याचे बी आतून पांढरे. मात्र चव घेऊन परीक्षा कधीही करू नये. ओळखण्यासाठी डोळे पुरेसे आहेत.

मुलांनो, येत्या हिवाळ्यात वडील मंडळींबरोबर शेतावर गेलात, तर एक वही बरोबर घ्या. एका बाजूला करडई आणि दुसऱ्या बाजूला पिवळा धोत्रा, अशी दोन घरे आखा. पान, कळी, फूल, बोंड, बी यांची चित्रे काढा. जे स्वतः पाहिले तेवढेच लिहा. जे पाहिले नाही तेथे जागा कोरी ठेवा. कोरी जागा ठेवण्यात कमीपणा नाही. न पाहता ती भरण्यात आहे.

मी त्या शाळेतून पुढे अनेक शाळांत गेलो, मुख्याध्यापक झालो आणि निवृत्तही झालो. पूर्वी रब्बीत जिकडे तिकडे दिसणारी करडई आता आपल्या भागात पुष्कळ कमी झाली आहे. पिवळा धोत्रा मात्र बांधावर पूर्वीसारखाच डोलतो. तो दिसला की मी आजही थांबतो आणि नाव उच्चारण्यापूर्वी दोन पावले पुढे जातो.